बसलेल्या रांगेतला तिसरा

आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, माणूस नुसता बघता येत नसे. दारातून कुणी आत आला की "या, बसा" म्हणायच्या आधी ते त्याला खिडकीच्या बाजूला जरा सरकवायचे, मग मान किंचित वळवायला सांगायचे, आणि तो बिचारा पाहुणा आपलं काय चुकलं म्हणून स्वतःच्या धोतराकडे बघायचा. आई म्हणायची, ह्या घरी जेवायला आलेल्याची निम्मी भूक सरकण्यातच जाते. आप्पा मैसुरातले फोटोग्राफर होते. आमच्या घराण्यात त्यांच्या आधी सगळे घोड्यावर बसून खाल्लेले. पणजोबा बारगीर, अज्जा, म्हणजे आजोबा, संस्थानच्या रिसाल्यातले दफेदार. आप्पा लहानपणी घोड्यावरून पडले आणि त्यांचा एक पाय आखूड राहिला, म्हणून घराण्यात कॅमेरा आला. अज्जाला हे शेवटपर्यंत पटलं नाही. कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर तो म्हणायचा, "कापडात डोकं घालून बसतो."

घर पागेच्या मागच्या गल्लीत होतं. पहाटे बिगुल, मग घोड्यांचं फुरफुरणं, मग आईचं रागी, म्हणजे नाचणी, दळणं, ह्या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. माळ्यावर कौलं काढून काचा बसवल्या होत्या, तो आप्पांचा स्टुडिओ. फोटोचे कागद धुवायचे ते मात्र खाली, मोरीजवळच्या दगडी डोणीत, जिथं आई भांडी विसळायची. त्यामुळे आमच्या घराला औषधाचा आणि हुळीच्या, म्हणजे आंबट वरणाच्या, फोडणीचा असा एकच मिसळलेला वास होता. अजून कुठं तसा वास आला तर मला भूक लागते. घरात बोलायचो मराठी, पण ती आमची मैसुराची. मधेच कन्नड शिरायचं आणि बाहेर पडायला विसरायचं. पुढे पुण्याकडची सून आली तेव्हा ती पहिले काही महिने माझ्या तोंडाकडे बघत राहायची, ही बाई वाक्य संपवणार कुठल्या भाषेत म्हणून.

फोटो कसा जुळवावा हे आप्पांनी मला पान वाढायला शिकवल्यासारखं शिकवलं. मीठ वरती मधोमध, चटणी आणि कोसंबरी डावीकडे, भाज्या उजवीकडे, भात समोर. सगळं मधे ओतलं तर त्याला पान म्हणत नाहीत, उष्टावळ म्हणतात. माणसांची रांग लावायची तर पापड वाळत घातल्यासारखी लावू नये, कुणी बसलेला, कुणी उभा, कुणाचा हात दुसऱ्याच्या खांद्यावर. आणि बाहेरचं काम असलं, म्हणजे छापण्यासाठी फोटो काढायचे असले, की त्यांचं ठरलेलं असे: लांबून एक, म्हणजे कुठं आहोत ते कळतं, मधून एक, म्हणजे काय चाललंय ते कळतं, आणि जवळून एक, म्हणजे कुणाच्या जिवाला काय लागलंय ते कळतं. फोटो तेव्हा काचेवर निघत आणि काचा महाग, म्हणून सगळं घरीच ठरवून जायचं. ऊन कुठून येईल, आपण कुठं उभं राहायचं, हे ते आदल्या दिवशी जेवताना आमच्याशी भांडून ठरवायचे. माझा नातू आता त्याच्या जपानी कॅमेऱ्यानं एका बारशाला रीळच्या रीळ उडवतो आणि एकाही फोटोत बाळ धड दिसत नाही. असो. त्याला सांगायला गेलं की तो "आज्जी, सुम्ने कूतको" म्हणतो, म्हणजे गप बस.

तुळसात्या आप्पांची धाकटी बहीण. माझ्याहून थोडीच मोठी, त्यामुळे आत्या कमी आणि बहीण जास्त. तिचं लग्न कट्यारीशी झालं होतं. ऐकणाऱ्याला नवल वाटतं, पण आमच्या लष्करी घरांत ते होत असे. अज्जाच्या एका जुन्या जोडीदाराचा मुलगा, यशवंतराव, रिसाल्यात होता. दोघा म्हाताऱ्यांनी सोयरीक ठरवली तेव्हा रिसाला बोटीत बसून लढाईवर निघून गेला होता. मुहूर्त टळू नये म्हणून नवऱ्याची कट्यार पाटावर आली, तिला मुंडावळ्या बांधल्या, आणि आत्यानं तिला माळ घातली. सासर बोगादीला, गावापासून फार लांब नाही, पण त्या घरात म्हातारा सासरा एकटा, बाईमाणूस कुणी नाही. तेव्हा नवरा परत येईपर्यंत तिनं आमच्याकडेच राहायचं असं ठरलं.

नवऱ्याचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. तिनंच काय, आमच्यापैकी कुणीच धड पाहिलं नव्हतं. पण रिसाला निघायच्या आधी आप्पांनी त्या तुकडीचा मैदानावर फोटो काढला होता, आणि कारकुनानं सांगितलेली नावं काचेच्या वेष्टणावर क्रमानं लिहून ठेवली होती. त्यात यशवंतरावांचं नाव निघालं: बसलेल्या रांगेत डावीकडून तिसरा. आप्पांनी लग्नाच्या घाईत त्या काचेवरून एक मोठा फोटो करून आत्याला दिला. खुर्च्यांवर बसलेले जवान, मागं उभे असलेले, आणि पुढं तुकडीचं पाळलेलं कुत्रं. डावीकडून तिसऱ्याच्या बुटाशी ते कुत्रं पहुडलं होतं आणि तो खाली त्याच्याकडे बघत ओठाच्या कोपऱ्यात हसत होता. फोटोत हसायची तेव्हा पद्धत नव्हती. ह्यानं मात्र हसून घेतलं होतं.

लढाई चालली तेवढी वर्षं आत्यानं तो फोटो ट्रंकेत पातळांच्या घडीत ठेवला. दुपारी आई कलंडली की बाहेर काढायची. मला दाखवायची आणि म्हणायची, "कुत्र्यावर एवढी माया, म्हणजे माणूस वाईट नसणार." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याविषयी वडीलधाऱ्यांना विचारायचं नाही, हा आमचा रिवाज. मग चूक कुणाला कळणार? वर्षानुवर्षं ती एका माणसावर जीव लावत होती, त्याच्या मिशीचं, त्याच्या उजव्या भिवईतल्या खुणेचं मला वर्णन करत होती, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

मग लढाई संपली आणि रिसाला परत यायची बातमी आली. कोण येणार, कोण राहिलं, तेही घरोघरी कळलं. यशवंतराव येणार होते. आईनं देवापुढं साखर ठेवली. त्याच सुमाराला मद्रासच्या एका सचित्र साप्ताहिकाच्या संपादकानं आप्पांना काम दिलं. तोवर आप्पांनी तिकडं पाठवलेली चित्रं म्हणजे हत्ती, कमानी आणि रोषणाई. त्यातलं एखादं कोपऱ्यात छापून यायचं. ह्या वेळी त्यांना पूर्ण पान मिळणार होतं. अट एवढीच, की जुन्या फोटोतली तीच माणसं तशाच क्रमानं पुन्हा बसवायची आणि जे परत आले नाहीत त्यांच्या जागा मोकळ्या ठेवायच्या. आप्पांना आनंदानं जेवण जाईना. ते म्हणायचे, वाचणाऱ्याचा डोळा एका टोकानं शिरला पाहिजे, चेहऱ्या-चेहऱ्यावरून चालत गेला पाहिजे, आणि रिकाम्या खुर्चीशी ठेचकाळला पाहिजे.

ते ठरवण्यासाठी त्यांनी अंगणात आईची भांडी मांडली. पोट सुटलेल्या जमादाराच्या जागी हंडा, बाकीच्यांना तांबे आणि लोटे, कुत्र्याच्या जागी खलबत्ता. मूळ काच उजेडात धरून, वेष्टणावरची नावं वाचत ते एकेक भांडं ठेवत होते. जे गेले त्यांचं भांडं पालथं. आई म्हणाली, भरल्या घरात पालथी भांडी काय मांडता, दुसरं काही सुचलं नाही का तुम्हाला? आप्पांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि पुढचं नाव वाचलं, मल्हारी, सोसले गावचा. त्याचा तांब्या त्यांनी खलबत्त्याशेजारी पालथा घातला.

"दादा, तो पालथा घालू नकोस," तुळसात्या म्हणाली. "ती जागा ह्यांची आहे."

आप्पा म्हणाले, नाही गं, यशवंतराव इकडे, ह्या टोकाकडून तिसरे. हा मल्हारी, तो लढाईतच गेला. आत्या आत गेली, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि तिनं तो मोठा फोटो आणून आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी एकदा काचेकडे पाहिलं, एकदा फोटोकडे. मग काच फिरवून उलटी धरली, आणि दोन्ही चित्रं जुळली. मोठा फोटो करताना काच उलटी बसली होती. तसं झालं की डावं उजवीकडे जातं आणि उजवं डावीकडे. चित्र स्वच्छ येतं, चूक दिसत नाही. डावीकडून तिसरा म्हणून आत्यानं ज्याला नवरा मानलं तो उजवीकडून तिसरा होता. फोटोतल्या तलवारीसुद्धा उलट्या बाजूला लटकत होत्या. पण घरात तलवारीचं डावं-उजवं चटकन ओळखणारा माणूस एकच, अज्जा, आणि त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.

मला त्या वेळी सगळं कळलं असं म्हणणार नाही, पण आत्याचा चेहरा कळला. जो तिचा होता तो मेला होता, आणि जो जिवंत होता त्याला ती ओळखत नव्हती. रडायचं तरी कुणासाठी? कुंकू कपाळावर आहे, नवरा सुखरूप आहे, गल्लीतल्या बायका ओटी भरायला येतायत, आणि ही परक्या माणसासाठी कुठल्या तोंडानं रडणार? ती माळ्यावर गेली आणि पालथ्या हातानं डोळे पुसत तिथंच बसून राहिली. संध्याकाळी आप्पा तिची समजूत काढायला गेले तेव्हा तिनं स्वच्छ सांगितलं, "मी बोगादीला जाणार नाही. मला विधवा म्हणा, टाकलेली म्हणा. त्या माणसाला मी ओळखत नाही, दादा."

आप्पा खचले. चूक त्यांचीच, आणि अज्जाला सांगायची सोय नाही; दिलेला शब्द मोडला तर म्हातारा अन्न सोडणार हे सगळ्यांना ठाऊक. यशवंतरावांचा तर काहीच दोष नव्हता. लढाईतून वाचून आलेल्या माणसाला काय सांगायचं, तुझी बायको दुसऱ्याच्या नावानं रडतेय म्हणून? आई त्या दिवसांत कुणावर चिडली नाही, हेच मला विशेष वाटायचं. अवरेकाळू, म्हणजे वालाचे दाणे, सोलता सोलता ती आप्पांना म्हणाली, तिनं ज्याच्यावर जीव लावला त्याला निदान वर्षानुवर्षं पाहिलं होतं, ह्याला एकदा तरी बघू दे. चारचौघांत नवऱ्याकडे टक लावून बघता येत नाही. तुमचं ते काळं कापड आहे ना, त्यात घाला तिचं डोकं. कुणाला दिसणार नाही ती कुठं बघतेय ते. नको वाटला तर नको म्हणेल, तेव्हा बघू पुढचं.

फोटोच्या दिवशी मैदानावर, चिंचेच्या झाडापासून जरा उन्हात, आप्पांनी खुर्च्या लावल्या. मदतीला म्हणून आम्हा दोघींना नेलं होतं. आत्या यायला तयार झाली ती भावाचं काम बुडू नये म्हणून. तसं तिनं वाटेत मला सांगितलंसुद्धा. जवान आले. फोटोतल्यापेक्षा सगळे वाळलेले, काळवंडलेले, आणि एकमेकांशी फार कमी बोलणारे. आप्पांनी एकेकाला जागेवर बसवलं, आत्याला काळ्या कापडात शिरायला सांगितलं आणि म्हणाले, कडा नीट येतात का ते बघ. त्या कॅमेऱ्यात मागच्या दुधी काचेवर माणसं उलटी दिसत, डोकं खाली, पाय वर. पण आम्हा दोघींच्या डोळ्यांना त्याची सवय होती. आत्या आत गेली आणि मी बाहेर कापडाची टोकं धरून उभी राहिले.

गोंधळ झाला तो रिकाम्या खुर्च्यांवरून. जमादारांनी त्या पाहिल्या आणि ते उठून उभे राहिले. म्हणाले, "बेड, बेड, नको हे. रिकामी जागा माणूस मागते. आणखी कुणाला ओढायचंय तुम्हाला?" बाकीचेही चुळबुळायला लागले, एकदोघं तर सरकून मोकळ्या खुर्चीत जायला निघाले. आप्पांनी साप्ताहिकाचं सांगितलं, मान ठेवण्यासाठीच हे करतोय म्हणाले, हात जोडले. जमादार हलेनात. ऊन सरकत होतं. आता हे जागा भरून बसणार, नेहमीसारखा एक फोटो निघणार आणि पूर्ण पान गेलं, एवढं आप्पांच्या तोंडावर मला वाचता येत होतं.

तेव्हा ह्या टोकाकडून तिसरे बसलेले यशवंतराव उठले. उंच, हाडकुळे, एका गालावर भाजल्याचा डाग. सगळ्यांची सामानाची बोचकी झाडाखाली होती, तिथं जाऊन त्यांनी आपलं सोडलं आणि त्यातून एक घडी केलेला फेटा काढला. मल्हारीचा. त्याच्या आईला नेऊन द्यायला म्हणून त्यांनी तो तिकडून सांभाळून आणला होता. रांगेच्या समोरून चालत ते पलीकडे गेले, खुर्ची आपल्या बाहीनं पुसली, फेटा तिच्यावर ठेवला आणि तो नीट बसलाय ना म्हणून दोन्ही हातांनी जरासा दाबला. कुणी झोपलेल्या माणसाचं पांघरूण सारखं करावं तसं. मग जमादारांकडे वळून म्हणाले, "आता रिकामी नाही." जमादार खाली बसले. त्यानंतर कुणी कुणाचा पट्टा काढला, कुणी पाण्याचा चंबू, आणि राहिलेल्या खुर्च्याही भरल्या.

आत्या हे सगळं काचेवर बघत होती. मल्हारीच्या जागेवर तिची नजर लागलेली असणार, आणि त्याच जागेकडे हा अनोळखी माणूस चालत आला होता. आप्पांनी तिला दोनदा हाक मारली तरी ती बाहेर येईना. कापडाखाली तिचे खांदे हलत होते. शेवटी ती आली ती पदरानं तोंड पुसत, केस विस्कटलेले, आणि तिनं रांगेकडे पाहिलं नाही. "कडा नीट आल्यात, दादा. काढ," ती म्हणाली. आप्पांनी फोटो काढला. नंतर खोक्यात काचा भरताना ती मला हळूच म्हणाली, "माझी ट्रंक भरायला लागू या. तू येशील ना माझ्याबरोबर?"

म्हणून तिच्या पाठराखणीला मी बोगादीला गेले. बोगादी तेव्हा रागीच्या शेतांतलं खेडं होतं. आता तिथं बंगल्यांच्या रांगा लागल्यात आणि माझा भाचा तिथल्या जागेचा भाव सांगून मला घाबरवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसात तांदूळ निवडत बसले होते आणि आत्या मागच्या ओसरीवर यशवंतरावांना ताक देत होती. तिनं भांडं खाली ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं, फोटो, कुत्रं, उलटी काच, सगळं. माझे हात थांबले. मला वाटलं, संपलं, आज परत जावं लागणार. यशवंतरावांनी ताकाला हात लावला नाही. ते म्हणाले, "मल्हारी होताच तसा. आम्ही सगळे त्याच्याच तोंडाकडं बघून दिवस काढत होतो. तुझं काय चुकलं?" मग म्हणाले, त्याच्या आईकडे त्याचा एकही फोटो नाही. आत्या उठली आणि ट्रंक उघडायला गेली.

सोसल्याला आम्ही बैलगाडीनं गेलो. मठाच्या मागच्या आळीत मल्हारीची आई एका खोलीत राहायची. यशवंतरावांनी तिच्या मांडीवर फेटा ठेवला. तो तिनं हुंगला, छातीशी धरला आणि कितीतरी वेळ नुसती डुलत राहिली. मग आत्यानं फोटो पुढं केला. म्हातारीनं आयुष्यात फोटो पाहिलेला नव्हता. ती त्यावरून बोट फिरवत होती, पण सगळ्यांचे फेटे सारखे, सगळ्यांच्या मिशा सारख्या. तिचं तोंड रडवेलं झालं. "ह्यात नन्न मग कुठला गं? माझा मुलगा कुठला? मला ओळखू येईना."

यशवंतराव पुढं वाकले, पण त्यांच्या आधी आत्यानं बोट ठेवलं. न शोधता, न मोजता, सरळ मल्हारीच्या कपाळावर. आणि ती सांगायला लागली, ही बघा अम्मा, भिवईत खूण आहे, आणि इथं ओठाच्या कोपऱ्यात हसतायत बघा, कुत्र्याकडं बघून. म्हातारीनं फोटो डोळ्यांजवळ नेला, आणि तिला तो दिसला. दिसला म्हणजे काय, ती फोटोशी बोलायलाच लागली. बोलून झाल्यावर तिनं वर पाहिलं आणि आत्याचा हात धरून विचारलं, तू एवढं कुठं पाहिलंस गं माझ्या लेकराला?

आत्यानं मान खाली घातली. मीही यशवंतरावांकडे बघायचं धाडस केलं नाही.

"रोज बघायची ती त्याला, अम्मा," यशवंतराव म्हणाले. "आमच्या घरी सगळ्यांत जास्त तीच रडलीय त्याच्यासाठी."